आवाज येतो, चित्र येत नाही

प्रश्न : मुलीच्या लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवर मिळालं, ते कॉम्प्युटरवर नीट दिसतं. भाच्याने आयफोनवर घेतलेल्या क्लिपांमध्ये मात्र मंगलाष्टका ऐकू येतात आणि पडदा काळाच. फाइलच्या नावातलं शेवटचं ‘एमओव्ही’ खोडून ‘एमपी४’ लिहून पाहिलं, फरक नाही. कॉम्प्युटर जुना, विंडोज १० चा. क्लिपा खराब झाल्या का? – एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : गुरुजी, क्लिपा धडधाकट आहेत. काही पुसू नका, आणि भाच्याला इतक्यात फोन करून रागावूही नका.

आमच्या घरी कुंद्याचा, म्हणजे मिठाईचा, एक जुना डबा आहे. पाहुण्यांची पोरं हमखास तो उघडतात आणि आत सुया-दोरे बघून तोंड पाडतात. ‘एमओव्ही’, ‘एमपी४’, ‘एव्हीआय’, ‘एमकेव्ही’ ही असल्या डब्यांची नावं. आत चित्राची एक पुडी आणि आवाजाची वेगळी पुडी असते. प्रत्येक पुडी कोणत्या पद्धतीने बांधली, ते कोडेक ठरवतं. तुम्ही डब्यावरचं लेबल बदललंत, आतल्या सुया सुयाच राहिल्या. तुमच्या कॉम्प्युटरला आवाजाची पुडी सोडता आली, चित्राची आली नाही, एवढंच.

आपल्याकडे बेळगाव भागात शेताची पहाणी, म्हणजे सातबाऱ्यासारखा उतारा, कन्नडमध्ये मिळते. कन्नड न येणाऱ्याच्या हातात ती पडली म्हणून कागद खोटा ठरत नाही, वाचणारा शोधावा लागतो. तसंच हे.

पण पुडी बांधायचीच कशाला, असं तुम्ही विचाराल. मास्तरकी केलेल्या माणसाला हिशोबच दाखवतो. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट. सेकंदाला २५ चित्रं. झाले सेकंदाला १५५ एमबी, तासाला जवळजवळ ५६० जीबी. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर सात मिनिटंसुद्धा मावली नसती. भटजी रंगात आले असते तर मंगलाष्टकाही पुऱ्या झाल्या नसत्या.

म्हणून कोडेक एक चित्र पूर्ण लिहून ठेवतं आणि पुढच्या चित्रांत बहुतेक फक्त काय हललं तेवढं लिहितं. मागचा मांडव, झालर, अंतरपाट जागचे हलत नाहीत, ते फुकटात जातात. शूटिंगवाल्याची फाइल पुन्हा लावा आणि ‘सावधान’नंतर अक्षता पडतात तिथे डोळे बारीक करून बघा. चित्र क्षणभर चौकोनी ठिगळांचं होतं. एकदम शेकडो दाणे हलायला लागतात आणि तेवढं सगळं लिहायला जागा पुरत नाही. मी सोळा वर्षं लग्नं शूट केली. त्या ठिगळांवरून यजमानांची बोलणी खाल्ली आहेत. दोष कॅमेऱ्याचा नसायचा हो, अक्षतांचा असायचा!

आता तुमची अडचण. शूटिंगवाल्याची फाइल बहुधा एच.२६४ मधली. ही पद्धत २००३ ची, आज तिला जवळपास सगळी यंत्रं ओळखतात. आयफोन २०१७ पासून एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, वापरतो. ती २०१३ ची; तेवढंच चांगलं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. पण तिच्या पेटंटचे पैसे द्यावे लागतात, म्हणून विंडोजमध्ये ती बऱ्याचदा आयती नसते, थोडे पैसे भरून घ्यावी लागते. त्या भानगडीत पडू नका. व्हीएलसी नावाचा फुकट प्लेयर घ्या. केशरी-पांढऱ्या कोनाचं चित्र असतं ना, तोच. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केलं. त्याच्यात पुड्या सोडणारे सगळे आतच बसलेले असतात. क्लिप सुरू करून कंट्रोल आणि जे एकदम दाबा, आत काय आहे ते लिहून येईल. ‘एचईव्हीसी’ दिसलं की माझा अंदाज खरा.

एवढं करून चित्र अडखळत चाललं, तर कॉम्प्युटरचं वय आडवं येतंय. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या, म्हणजे २०१५ च्या, आधीच्या प्रोसेसरला ही पुडी सोडायला खास सोय नाही. सगळा घाम तो स्वतः गाळतो, आणि फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांची, क्लिप असेल तर दमतोच. मग हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन एच.२६४ मध्ये दुसरी प्रत करा. रात्री लावून झोपा. लाईट गेली तर सकाळी पुन्हा लावायची तयारी ठेवा. मूळ क्लिपा मात्र तशाच राहू द्यात, कारण प्रत काढताना थोडं चित्र गळतंच. भाच्याला पुढच्या वेळेसाठी सांगा : सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कंपॅटिबल.

प्रश्न : एका साइटने ‘कोडेक नाही, डाउनलोड करा’ म्हणून सांगितलं. केल्यापासून जाहिराती उघडताहेत. – कॉलेज विद्यार्थी, येळ्ळूर

उत्तर : फसलास की रे. ते कोडेक नव्हतंच. काढून टाक, अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी कर, आणि त्या कॉम्प्युटरवर टाकलेले पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदल. कुठला सिनेमा बघायचा होता ते मी विचारत नाही.

प्रश्न : आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची ६० मिनिटांची कॅसेट आहे. एमपी३ करावी की वेव्ह? – गृहिणी, खानापूर

उत्तर : ताई, वेव्ह. त्यात आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवतात. स्टिरिओत तासाला सुमारे ६३५ एमबी होतील, आजच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही. जागा वाचवायचीच असेल तर फ्लॅक करा. त्यात आवाज जरासुद्धा गळत नाही. पाहुण्यांना पाठवायला त्यावरून एमपी३ काढा.

एमपी३ आपल्या कानाला ऐकू येणार नाही असं वाटेल ते टाकून देतं. गाण्याला ते चालून जातं. २००४ मध्ये माझ्या कॉम्प्युटरला ४० जीबीची डिस्क होती आणि मी जागेचा कंजूष. आईच्या ओव्या ४८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४८ किलोबिट जागा देणाऱ्या, एमपी३ मध्ये भरल्या. आईचा आवाज बरा आला, पण जात्याची घरघर नळातून पाणी वाहिल्यासारखी झाली. तेव्हा मला ते जाणवलंही नाही. कॅसेट रिकामी झाली म्हणून तिच्यावर गल्लीतलं भजन भरलं.

तुमच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतील. पेचकसाच्या टोकाने त्या आजच मोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाणार नाही.