‘अनुभव काहीच नाही, मग अर्जात लिहू काय?’

अर्जांचे दिवस आले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. एक मुलगा आईला घेऊन आला होता (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). ब्रिटनमधल्या विद्यापीठांत मेकॅनिकलच्या पदवीसाठी अर्ज करायचा होता आणि जोडीला अप्रेंटिसशिपचेही अर्ज चालू होते. आईंचा जीव एका गोष्टीत अडकलेला. “याच्या मित्रांनी ओळखीतून इंटर्नशिपची सर्टिफिकेटं आणलीत. आम्हीही बघू का कुठे?”

बघू नका, म्हटलं. न केलेल्या कामाचा कागद मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

मुलाचा मसुदा वाचला. मेहनती, जिज्ञासू, टीमवर्कची आवड... नाव खोडून कुणाचंही घातलं तरी चालेल असा. मी विचारलं, “अलीकडे स्वतःच्या हाताने काय केलंस?”

“काही नाही. सायकल तेवढी दुरुस्त केली.”

ही ‘तेवढी’ सायकल मात्र ऐकण्यासारखी निघाली. चढावर जोर लावला की चेन दात्यांवरून सटकायची. त्याने नवी चेन आणून बसवली, तरी सटकतेच. मग त्याने शोधाशोध केली. चेनच्या लगतच्या दोन पिनांत अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरायला हवी. काढून ठेवलेली जुनी चेन पट्टीवर धरली, तर ती एक अष्टमांश इंच जास्त भरली. एक सोळांश जास्त भरली तेव्हाच बदलली असती, तर मागचे दाते बहुधा वाचले असते. आता तेही झिजले होते आणि त्यांच्यावर नवी चेन नीट बसत नव्हती. दाते बदलले, सटकणं थांबलं. मग शेजाऱ्यांच्या सायकली येऊ लागल्या, तसा तो प्रत्येक चेनचं माप वहीत लिहून ठेवू लागला.

“हे अर्जात का नाही?” “हे काय लिहायचं, सर?”

माझ्या मते बहुतेकांचे अर्ज इथेच मार खातात. अनुभव म्हणजे पगाराची नोकरी, असं मुलं धरून चालतात. घरातल्या आजारी माणसाचं औषधपाणी वेळेवर पाहणं, धाकट्यांना शिकवणं, दुकानात हिशेब ठेवणं, हे सगळं अनुभवातच जमा.

ब्रिटनच्या यूकॅस या सामाईक प्रवेशयंत्रणेने २०२६च्या प्रवेशांपासून वैयक्तिक निवेदनाचे, म्हणजे अर्जात स्वतःविषयी लिहायच्या मजकुराचे, तीन प्रश्न केले आहेत : हा विषय का, शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केलंत व ते उपयोगी का. तिन्ही मिळून मर्यादा ४,००० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. नोकरीच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही.

सायकल आम्ही दोन तऱ्हांनी लिहिली. विद्यापीठासाठी भर कुतूहलावर : ताणली गेली असं वाटणारी चेन खरं तर पिनांपाशी झिजून लांबते, ती का झिजते, त्यासाठी पुढे काय वाचलं. अप्रेंटिसशिपसाठी भर कामाच्या सवयीवर : दोष कसा शोधला, नोंद कशी ठेवली, सांगितलेल्या दिवशी सायकल परत दिली का. तिथे प्रसंग, जबाबदारी, कृती आणि निकाल हा क्रम बरा पडतो. मुलं प्रसंगच पानभर लिहितात आणि कृतीत ‘आम्ही’ म्हणून मोकळी होतात. वाचणाऱ्याला तू काय केलंस ते हवं असतं.

मुदतीला थोडा अवकाश होता. तो पाच ऑनलाइन कोर्सांना नाव घालायला निघाला होता. एकच घे आणि त्यातला प्रकल्प पुरा कर, म्हटलं. शिवाय वर्कशॉपना चार ओळींचे ई-मेल पाठवायला लावले : मी कोण, काय शिकतोय, एक दिवस काम बघायला येऊ का. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही, एकाने बोलावलं. तिथून परतल्यावर यंत्रांची यादी नको, न कळलेल्या दोन गोष्टी लिही, एवढंच बजावलं.

शिफारसपत्रासाठी आईंनी इंजिनिअर मामांचं नाव काढलं. नातेवाइकाचं पत्र चालत नाही. फिजिक्सच्या मॅडमना विचार, त्यांना निदान तीन आठवडे दे, आणि सोबत अर्ध्या पानाची टिपणं दे, चेनच्या मापांसकट. वर्गातल्या साठ मुलांतून तुझी सायकल त्यांना कुठून माहीत असणार?