हॅलोविनला पहिल्यांदा ‘रॉकी हॉरर’ बघणार?

‘रॉकी हॉरर’ हा गाण्यांचा इंग्रजी सिनेमा थिएटरात बघण्याआधी घरी बघून जाऊ का, असं विचारलंस. नको! १९७५ साली हा सिनेमा आपटला तो उगीच नाही. कथा विस्कळीतच आहे. त्याला जीवदान मिळालं १९७६ पासून न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीच्या खेळांनी, म्हणजे खरं तर प्रेक्षकांनी. पडद्यापुढे हौशी मंडळी तोच प्रसंग करत असतात, मागून लोक संवादांवर टोमणे मारतात. एकट्यानं बघितलास तर त्यातलं निम्मंच हाती लागेल.

टोमणे पाठ करू नकोस. चार-दोन आपोआप तोंडात बसतील.

नवखे हमखास चुकतात ते दोन ठिकाणी:

- घरून तांदूळ नेणं. सुरुवातीच्या लग्नात ते उधळतात (आपल्या अक्षताच म्हण), पण बऱ्याच थिएटरांत बंदी असते. नियम आधी बघ. पावसाच्या प्रसंगात डोक्यावर धरायला वर्तमानपत्र मात्र ने.
- नटांच्या अंगावर किंवा पडद्यावर वस्तू फेकणं. वर उडवायच्या, बस.

गालावर लिपस्टिकनं ‘व्ही’ काढतील, ती नवख्यांची खूण. नको असेल तर सरळ सांग. ‘टाइम वॉर्प’ या नाचाच्या गाण्याला मात्र उठायचंच, पावलं गाण्यातच सांगितली आहेत. सिनेमातल्या पात्रांसारखी वेशभूषा पुढच्या वर्षी.