इंग्लंडमध्ये फ्लॅट भाड्याने घेताना एजंटने ऐनवेळी 'अ‍ॅडमिन फी' मागितली, तर द्यावी का?

अजिबात देऊ नका. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून 'टेनंट फीज अ‍ॅक्ट' लागू आहे. अ‍ॅडमिन फी, रेफरन्स तपासणी (भाडेकरूची माहिती पडताळून पाहणे), करारनामा तयार करणे, घरातल्या सामानाची यादी करणे, यातल्या कशाचेही पैसे एजंट भाडेकरूकडून घेऊ शकत नाही. नाव बदलून 'प्रोसेसिंग चार्ज' म्हटलं तरी तेच.

त्याला काय मागता येतं? भाडं, घर राखून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतकी रक्कम आणि डिपॉझिट. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं. किल्ली हरवली, भाडं १४ दिवसांहून जास्त थकलं, अशा वेळचे आकार वेगळे. पण तेही करारात लिहिलेले हवेत.

नवख्या विद्यार्थ्यांना 'आज पैसे भरा, नाहीतर घर दुसऱ्याला जाईल' असं घाबरवलं जातं, याचा मला फार राग येतो. फोनवर वाद घालू नका. ईमेल करा: 'ही फी कायद्याच्या कोणत्या तरतुदीखाली घेताय, ते लेखी कळवा.' बरेचदा एवढ्यावरच ती ओळ बिलातून गायब होते.

पैसे आधीच दिले असतील तर पावती, बँकेची नोंद, मेसेज जपून ठेवा आणि एजन्सीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, तर ती ज्या तक्रार निवारण योजनेची सदस्य आहे तिकडे जा; सदस्यत्व एजंटला बंधनकारक आहे. स्थानिक कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहक संरक्षण विभागालाही कळवा, तो एजंटला दंड करू शकतो. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे मात्र वेगळे आहेत.