पाडसांसाठी बांधावर मिनरलची वीट ठेवू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीकडं राहतो, शेताला लागूनच रान आहे. संध्याकाळी चितळांचा कळप भाताच्या बांधापर्यंत येतो, त्यातली काही पाडसं हडकुळी दिसतात आणि एकाला तर माती चाटताना बघितलं. गोठ्यात गाईंना मिनरलची चाटण वीट टांगलीय, तसलीच एक बांधावर ठेवली तर त्यांची हाडं मजबूत होतील का?

उत्तर: दादा, तुमची कळकळ कळली, पण वीट ठेवू नका. गाईगुरं आणि हरणं एकाच जागी चाटायला लागली की लाळेतून लाळ्या-खुरकूत इकडून तिकडं जातो, तो हरणांनाही होतो. शिवाय कळप रोज ठरलेल्या जागी यायला लागला की गावची कुत्री पाडसांवर टपून बसतात.

माती चाटणं ही बहुतेक वेळा सोडियमची भूक असते. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात पाणी आणि पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, म्हणून हरणं खारट माती शोधतात, त्याला आजार समजू नका.

हाडांना लागतं कॅल्शियम आणि फॉस्फरस, आणि ते दोन्ही प्रमाणात. सुरुवातीला ते आईच्या दुधातून येतं, दूध गाईपेक्षा घट्ट असतं आणि चाऱ्यात कमी पडलं तर आई स्वतःच्या हाडांतलं काढून देते. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या दूध तुटलेल्या पाडसांवर १९७०च्या दशकात प्रयोग झाले, त्यात कोरड्या चाऱ्याच्या किलोमागं साधारण साडेचार ग्रॅम कॅल्शियम पुरतं असं दिसलं, फॉस्फरस त्याहून कमी. नुसतं कॅल्शियम वाढवलं तर फॉस्फरस अंगी लागत नाही. नर पाडसाचं खनिज आधी सांगाड्याला जातं, शिंगांना नंतर, म्हणून पहिली शिंगं बारकी असतात. गळून पडलेलं शिंग हरणं कुरतडतात तेही याच खनिजासाठी, तेव्हा रानात सापडलं तर तिथंच राहू द्या.

हडकुळेपणा मात्र विटेनं जात नाही, त्यामागं जास्त करून जंत नाहीतर अपुरं दूध आणि चारा असतो. आपली जांभ्याची जमीन, धो धो पाऊस, त्यात कॅल्शियम धुऊन जातं, म्हणून झाडपाला फार मोलाचा, कारण गवतापेक्षा पानांत कॅल्शियम जास्त असतं. बांधावरची झुडपं तोडू नका, उन्हाळ्यात पेटवू नका, उंबर असेल तर राखा. गाईंना लाळ्या-खुरकूतची लस वेळेवर द्या.

पाडस गवतात एकटं बसलेलं दिसलं तर उचलू नका, आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. लंगडत असेल किंवा उठतच नसेल तर वनखात्याला कळवा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते घरी आणून पाळता येत नाही आणि गाईचं दूध तर अजिबात पाजू नका.