उत्तर न देणं म्हणजे नकार नव्हे

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा, म्हणजे ट्रान्सफरचा मेल आलाय, तुम्ही मागणी केलेली नाही, आणि गप्प बसलं की ती आपोआप रद्द होईल असं तुम्ही धरलंय. नाही होणार. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी जुन्या रजिस्ट्रारने (डोमेन आत्ता ज्या कंपनीकडे नोंदवलंय तिने) पाच दिवसांत नकार दिला नाही, तर मंजुरीच धरतात. आधी रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतः जाऊन (मेलमधली लिंक नको, मेलच बनावट असू शकतो) मागणी खरी आहे का बघा आणि नकार नोंदवा. पुढचं नंतर वाचा.

मागणी खरी असेल तर ट्रान्सफर अडवणारं लॉक निघालंय आणि ऑथ कोडही (ट्रान्सफरसाठी लागणारा डोमेनचा गुप्त कोड) बाहेर गेलाय. त्याशिवाय ती इथवर येतच नाही.

टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड) वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. माझं डोमेन असंच चोरीला गेलं, तेव्हा माझी चूक वेगळी होती. डोमेनच्या खात्याला मी एक जुना, कधी न उघडणारा मेल जोडून ठेवला होता. तीन आठवड्यांनी त्याच्या ट्रॅशमध्ये ओळीने चार मेल सापडले: पासवर्ड बदलला, लॉक काढलं, ऑथ कोड पाठवला, ट्रान्सफर तुम्हीच मागितली का? चारही अकरा मिनिटांतले. चोराला 'हो' म्हणायचीसुद्धा गरज नव्हती, शेवटचा मेल पुसून पाच दिवस थांबला की झालं. ज्या पत्त्यावरून चोरी होते, त्याच पत्त्यावर परवानगी विचारायची, याला मी सुरक्षा म्हणत नाही.

त्यानंतर माझ्या रजिस्ट्रारचा सपोर्ट. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तेच वाक्य: "कोड बरोबर होता, ट्रान्सफर नियमानुसार झाली." आयकॅनच्या (डोमेनचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) ट्रान्सफर वाद प्रक्रियेत तक्रार फक्त रजिस्ट्रारच करू शकतो, मालक नाही. तातडीच्या प्रसंगी एका रजिस्ट्रारने दुसऱ्याला चार तासांत उत्तर द्यायचं, अशीही सोय आहे. माझ्याशी बोलणाऱ्यांपैकी एकालाही ती माहीत नव्हती! अजून राग जात नाही.

हे नवीनही नाही. गप्प राहिलं की मंजुरी, हा नियम नोव्हेंबर २००४ मध्ये लागू झाला आणि जानेवारी २००५ मध्येच न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीचं डोमेन तिच्या नकळत, ऐन शनिवार-रविवारी दुसरीकडे गेलं. २०१८ मध्ये व्हूइजमधले (डोमेन-मालकांच्या जाहीर नोंदीतले) पत्ते झाकले गेले, तेव्हापासून नव्या रजिस्ट्रारने मालकाला विचारायची अटही बहुतेक ठिकाणी सुटली. उरला एक कोड.

माझं मत, वकील नसलेल्याचं: डोमेनवर धंदा चालत असेल तर पैसे मोजून रजिस्ट्री लॉक (रजिस्ट्रारच्याही वर, मूळ नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडचं लॉक) घ्याच. ते खात्यात घुसूनही निघत नाही. खात्याचा मेल वेगळा आणि रोज बघायचा असावा, त्याच डोमेनवरचा तर नकोच. जुन्या पावत्या जपा, मालकी दाखवताना मला त्याच कामी आल्या. देशांच्या डोमेनचे नियम वेगळे असतात, ते स्वतः तपासा.

नकार नोंदवल्यावर मेलचा पासवर्ड बदला, त्यातले फॉरवर्डिंगचे नियम बघा, आणि डोमेनच्या स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' (म्हणजे लॉक लागलंय) परत दिसतंय का ते कळवा.