तेवीस मतांचं भांडण आधी पावतीबुकात सोडवा

गोव्यातल्या कुंडईच्या कारखान्यातला तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युनियनची निवडणूक, १८७ सभासद, दोन पॅनल, सरचिटणीसपद ११ मतांनी गेलं. हरलेल्यांचं म्हणणं, २३ जणांची वर्गणी थकलेली असताना त्यांना मत देऊ दिलं. आठवड्याभरात त्यांनी वेगळी सभा घेऊन आपली कार्यकारिणी जाहीर केली. मॅनेजमेंटनं दोघांनाही एकाच मजकुराचं पत्र दिलं, ‘आधी तुमचं ठरवा, मग मागणीपत्रावर बोलू.’ बँकेनं खातं थांबवलं. आता लेबर ऑफिसात जावं की कोर्टात, असं तुम्ही विचारता.

सध्या दोन्हीकडे नको. मी सव्वीस वर्षं वेर्ण्याला काढली, त्यातली नऊ कार्यकारिणीत. निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या कारखान्यांत चार-पाच वेळा निवडणूक अधिकारी म्हणून बसलो. मतपेटीत खरोखर गडबड झालेली मी एकदाच पाहिली. बाकी सगळी भांडणं मतदारयादीची. आपल्याकडे देवस्थान समितीच्या निवडणुकीतही वाद महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार सभासदांच्या, यादीवरूनच पेटतो आणि मामलेदारापर्यंत जातो. युनियनला मामलेदार नाही, एवढाच फरक.

आधी साधा हिशेब करा. हरकतीची मतं २३ आणि फरक ११, म्हणजे सरचिटणीसपदाचा वाद खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. पण प्रत्येक पद वेगळं बघा. अध्यक्ष तीस-पस्तीस मतांनी आला असेल, तर ती २३ मतं पूर्ण बाद धरली तरी त्याचा निकाल बदलत नाही. ते पद वादातून आजच बाहेर काढा आणि तसं दोन्ही बाजूंकडून लिहून घ्या. ‘सगळी निवडणूक रद्द करा’ म्हणणाऱ्यांचा अर्धा जोर तिथंच ओसरतो. बहुतेक ठिकाणी शेवटी एक-दोन पदांपुरतंच फेरमतदान लागतं, काही ठिकाणी तेही नाही.

मग त्या २३ जणांकडे वळा. इथं घाई करू नका, सगळा जीव इथंच आहे.

आमच्याकडे असंच झालं होतं. एकोणीस जण थकबाकीदार म्हणून यादीतून उडवले. त्यातला एक वेल्डर तावातावानं आला, ‘चवथीच्या आधी पैसे दिलेत, पावती मागाहून देतो म्हणाला.’ ज्यानं पैसे घेतले तो खातेप्रतिनिधी नेमका विरुद्ध पॅनलचा. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री साडेअकराला आम्ही कँटीनमध्ये बसलो. दोन्ही पॅनलचे दोन-दोन जण, मध्ये टेबलावर पाच पावतीबुकं. एक-एक स्थळप्रत उलटत गेलो. कार्बन इतका जुना की निम्मे आकडे बोटानं चाचपून वाचावे लागले. चवथीच्या आठवड्यातली एक पावती सापडली, रक्कम बरोबर, तारीख बरोबर, आणि नावाच्या जागी नुसतं ‘नाईक’. आमच्या कारखान्यात नाईक नऊ आणि गावडे सात. पाऊण तास त्या एका नाईकावर गेला. शेवटी उरलेल्या आठ नाइकांच्या पावत्या शोधून काढल्या, तेव्हा नववा वेल्डरच निघाला. एकोणीसपैकी सहा जणांनी पैसे भरलेले होते, चौघांच्या पगारातून कंपनीनं वर्गणी कापली होती पण ती युनियनच्या खात्यात उशिरा आली होती, आणि खरे थकबाकीदार राहिले नऊ. त्या नऊमधले पाच तर तक्रार करणाऱ्याच पॅनलचे मतदार होते. हे कळल्यावर टेबलाभोवती जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. त्या रात्रीपासून आम्ही पावतीवर टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा कारखान्यातला क्रमांक, सक्तीचा केला.

म्हणून तुमच्या २३ जणांची एक-एक नोंद तपासा. पगारातून कापलेली वर्गणी थकबाकी धरायची नाही, तो दोष सभासदाचा नव्हे. तुमच्या युनियनच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, किती महिन्यांच्या थकबाकीनं मताचा हक्क जातो ते शब्दशः वाचा. काही घटनांमध्ये आधी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस दिलीच नसेल तर हक्क गेला असं म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा, यादी मतदानाआधी लावली होती का? लावली होती, हरकतीला मुदत होती, आणि तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही, तर निकालानंतरच्या हरकतीत फारसा दम नाही. पण यादी फलकावर आलीच नसेल, किंवा आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरवली असेल, तर हरलेल्यांचं बरोबर आहे, तुम्ही जिंकलेल्या बाजूचे असलात तरी. (तुम्ही कुठल्या बाजूचे ते लिहिलं नाहीत. बरं केलंत.)

हे सगळं तपासायला माणूस कोण? बाहेरून आणलेला नेता नको, त्याचं स्वतःचं पद या निकालावर अवलंबून असतं. आमदार तर मुळीच नको, तो दोघांनाही ‘बघतो’ म्हणेल. दुसऱ्या कारखान्यातला जुना पदाधिकारी किंवा तुमचाच निवृत्त सभासद बघा. दोन्ही पॅनलनी तीन-तीन नावं द्यावीत, समोरच्यांची नको असलेली खोडावीत, उरलेल्यांतून एक ठरवावा. तो जे ठरवील ते मान्य, असं त्यानं कागद उघडण्यापूर्वी दोघांकडून सहीनिशी घ्या. नंतर मागितलेली सही कुणी देत नाही. निर्णय त्यानं लेखी द्यावा, कारणासकट, प्रत्येक नावापुढे एक ओळ. तोंडी निवाडा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाळीपर्यंतही टिकत नाही.

वेगळ्या सभेबद्दल. विशेष सर्वसाधारण सभा कुणी बोलवायची, किती सह्या, किती दिवसांची नोटीस, गणसंख्या किती, हे घटनेत असतं. ते पाळलं नसेल तर ती कार्यकारिणी कागदावरची. पण हे त्यांना चारचौघांत सुनावू नका. सभा मागे घेण्याची वाट मोकळी ठेवा. ‘तपासणी होईपर्यंत दोन्ही कार्यकारिणी थांबतील’ एवढं वाक्य पुरतं. माझ्या पाहण्यात एका ठिकाणी जिंकलेल्यांनी फटाके लावले, हरलेले महिनाभर कँटीनमध्ये वेगळ्या टेबलावर जेवले, आणि त्या वर्षी एकाच वाड्यावरचे दोघे एकमेकांच्या गणपतीला गेले नाहीत. पगाराचा करार त्या खोळंब्यात सात महिने लांबला. फायदा कुणाचा झाला ते सांगायला नको.

आता कायदा. मुंबईकडचे नातेवाईक सांगतील, इंडस्ट्रियल कोर्टात जा. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात पदाधिकारी कोण हा वाद इंडस्ट्रियल कोर्टाकडे नेण्याची सोय महाराष्ट्रानं १९६८ मध्ये स्वतःपुरती केली होती. ती गोव्यात नव्हती. आपल्याकडे युनियनची नोंदणी करणारा रजिस्ट्रार पदाधिकाऱ्यांच्या बदलाची नोंद घ्यायचा, पण खरा निवडून आलेला कोण हे ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्यासाठी दिवाणी न्यायालय गाठावं लागे. पणजीला पाटो भागातल्या श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तालयात, हेलपाटे घालून लोक चिडायचे ते यामुळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि तिच्या कलम २२ नुसार पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो, दिवाणी न्यायालयाकडे नाही. जुन्या माहितीवर वकील दावा लावायला निघाला तर त्याला हे कलम दाखवा. वाट आहे, पण तारखा पडत राहतील आणि मागणीपत्र तोवर फाइलीत राहील. आपसात खरंच मिटलं नाही तरच तिकडे जा.

मॅनेजमेंटला दोघांनी मिळून एकच पत्र द्या. अंतर्गत तपासणी अमुक तारखेला संपेल, तोवर रोजच्या तक्रारी जुने पदाधिकारी बघतील, बस्स. एचआर मोजणीला कॉन्फरन्स रूम देऊ करील. नको म्हणा. चहासुद्धा आपला आणा. बँकेलाही दोघांच्या सह्यांचं संयुक्त पत्र द्या की जुन्या सह्यांवर फक्त ऑफिसचं भाडं आणि वीजबिल निघेल.

आणि हे सगळं करण्याआधी, शक्यतो आजच, पावतीबुकं, सभासद रजिस्टर आणि मतपत्रिकांची पेटी कुणाच्या कपाटात आहे ते बघा. दोन्ही बाजूंचा एक-एक माणूस उभा करून कापडात बांधा, गाठीवर लाख लावा, दोघांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवा. कपाटाची किल्ली एकाकडे आणि खोलीची दुसऱ्याकडे ठेवा.