केनियात नोकरी मिळतेय, तिथल्या बँकेत पगाराचे पैसे ठेवणं सुरक्षित आहे का? की आफ्रिकेतल्या बँका कधीही बुडतात म्हणून सगळे लगेच भारतात पाठवावेत?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, "आफ्रिकेतल्या बँका कधीही बुडतात", मी आमच्या घरात जेवायच्या पंगतीत ऐकलंय, आणि त्या एका वाक्याची किंमत आम्ही अजून मोजतोय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक, आफ्रिकेतल्या बँका असं काही नसतं हो. चोपन्न देश आहेत तिथे. झिम्बाब्वेत जे झालं, महागाईत लोकांच्या ठेवी मातीमोल झाल्या, ते केनियात झालेलं नाही. आपल्याकडे एखादी बँक बंद पडली म्हणून कोणी "आशियातल्या बँका बुडतात" म्हणतं का?

मी नैरोबीत नऊ वर्षं होते, २०११ ते २०२०. नवरा इंडस्ट्रियल एरियातल्या एका पॅकेजिंग फॅक्टरीत मेंटेनन्सला, मी तिथेच अकाउंट्सला. म्हणजे रोज बँकेशीच काम. पगार, सप्लायरची पेमेंटं, एलसी, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आमचे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, गावाकडे सहकारी क्षेत्रातच आयुष्य काढलेले, त्यांना बँकेतलं सगळं कळतं असं घरात सगळेच मानायचे. मीही मानायचे.

एप्रिल २०१६ मध्ये तिथली चेस बँक बंद झाली. (अमेरिकेच्या चेसशी संबंध नाही.) आधीच्या ऑक्टोबरमध्ये इम्पीरियल बँक गेली होती, त्याच्या आधी ऑगस्टमध्ये दुबई बँक नावाची छोटी बँक. म्हणजे नऊ महिन्यांत तीन. इम्पीरियलचं तर फार वाईट झालं, मॅनेजिंग डायरेक्टर सप्टेंबरमध्ये वारले आणि नंतर वर्षानुवर्षं लपवलेला घोळ बाहेर आला, अब्जावधी शिलिंगचा. आमच्या ओळखीतल्या कितीतरी गुजराती दुकानदारांची धंद्याची खाती तिथेच होती. चेसच्या वेळी तर व्हॉट्सॲपवर मेसेज फिरले, लोक रांगा लावून पैसे काढायला लागले आणि ७ एप्रिलला सेंट्रल बँकेनं शटर पाडलं.

ही बातमी भाऊजींपर्यंत पोचली. रात्री फोन. "मी तुम्हाला २०१४ पासून सांगतोय, ऐकत नाही तुम्ही, कष्टाचे पैसे परक्या देशात ठेवू नका, इकडे आणा, आपल्या बँकेत ठेवा, चेअरमन आपल्या ओळखीचे, व्याज पण अर्धा टक्का जास्त." नवरा घाबरला. खरं सांगायचं तर मीही घाबरले. आमची एफडी होती नैरोबीतल्या एका मोठ्या बँकेत, १८ लाख शिलिंग, तेव्हाचे जवळपास १२ लाख रुपये. व्याज दहा टक्क्यांच्या वर मिळत होतं, १५ टक्के टॅक्स तिथेच कापून सुद्धा. मी म्हणाले, बंद झालेल्या बँका वेगळ्या आहेत, आपली वेगळी, तिचे ताळेबंद मी दर तिमाहीला वाचते, तिथे प्रत्येक बँकेला ते वर्तमानपत्रात छापावेच लागतात. पण मी सून, आणि भाऊजी बँकेतले. एफडी मोडली. पैसे गावाकडे गेले, सासूबाईंच्या नावावर ठेवले, आपल्या ओळखीच्या चेअरमनच्या बँकेत.

पुढच्याच वर्षी त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेनं ३५ अ लावलं, म्हणजे पैसे काढण्यावर निर्बंध. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून संपलेलं नाही आणि मला कोणाशी भांडायचं नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ३५ अ म्हणजे काय ते सांगायला नको. सहा महिन्यांत प्रत्येक खातेदाराला काही हजार, बस.

आणि आता ती रात्र सांगते. फेब्रुवारी २०१८, शनिवार. मोंबासा रोडवर नवऱ्याच्या गाडीला लॉरीनं मागून ठोकलं. मांडीचं हाड मोडलं. मला फोन आला तशी मी घरातल्या चपलांवर धावले, पर्स नाही, कार्ड नाही, हातात फक्त फोन. हॉस्पिटलनं २ लाख शिलिंग डिपॉझिट मागितलं. कंपनीचा इन्शुरन्स होता पण मंजुरी सोमवारशिवाय येणार नव्हती. रात्रीचे साडेदहा वाजलेले.

मी तिथेच बाकावर बसून बँकेच्या खात्यातून एम-पेसावर, म्हणजे फोन नंबरवरच्या पैशांच्या खात्यावर, पैसे ओढले. तेव्हा एम-पेसावर एका वेळी ७० हजार आणि दिवसाला १ लाख ४० हजार एवढीच मर्यादा होती (आता बरीच वाढवलीय). दोनदा ७० हजार हॉस्पिटलच्या पेबिल नंबरवर (एम-पेसावर बिल भरायचा नंबर) भरले, अकाउंट नंबरच्या जागी पेशंटचा नंबर. राहिले ६० हजार. माझ्या फोनची मर्यादा संपली. मग मी आमच्या स्टोअरमधल्या बाईंना फोन लावला. त्यांना आम्ही मामाच म्हणायचो, तिकडे मामा म्हणजे आई, वयानं मोठ्या बाईला मानानं तसंच म्हणतात. त्यांनी एवढंच विचारलं, पेबिल नंबर काय आणि पेशंट नंबर काय. त्यांनी स्वतः २२ हजार भरले, बाकीचे त्यांच्या चामातल्या तिघींनी. चामा म्हणजे आपली भिशी आणि बचत गट दोन्ही एकत्र. त्या तिघींना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सव्वाअकराला पैसे पूर्ण झाले, साडेअकराला नवऱ्याला आत घेतलं. आजूबाजूच्या खेड्यात राहणाऱ्या बायका, एकीच्याही घरात कम्प्युटर नाही, आणि मध्यरात्री फोनवरून शहरातल्या हॉस्पिटलला पैसे भरले. एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झालं, आपलं युपीआय त्यानंतर नऊ वर्षांनी आलं. त्या देशाला मागासलेला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रविवारी सकाळी भाऊजींना फोन केला, म्हटलं आमच्या १२ लाखांतले निदान एक लाख तरी सुटतात का बघा, पुढे काय लागेल माहीत नाही. ते गप्प बसले. नंतर म्हणाले, अर्ज करावा लागेल, कागद पाठव. नवरा ऑपरेशन टेबलवर आणि मी कागद पाठवू.

मामांचे आणि त्यांच्या मैत्रिणींचे पैसे मी बुधवारी परत केले. व्याज नको म्हणाल्या, चहापत्ती घेतली.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

केनियात व्यापारी बँका चाळीसच्या आत-बाहेर आहेत, पण खरा धंदा आठ-नऊ मोठ्यांकडेच आहे. केसीबी, इक्विटी, को-ऑपरेटिव्ह, एनसीबीए, ॲब्सा, स्टॅनचार्ट, डीटीबी, आय अँड एम, स्टॅनबिक. यांपैकी इक्विटीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, १९८४ ला छोटी बिल्डिंग सोसायटी म्हणून निघाली, १९९३ ला जवळपास दिवाळखोरीत होती, मग जेम्स म्वांगी आले आणि ज्या शेतकऱ्यांना, भाजीवाल्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांची खाती उघडून ती देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकांपैकी एक केली. आज केसीबी आणि इक्विटी काँगो, युगांडा, रवांडापर्यंत पसरल्यात. आपली बँक ऑफ इंडिया आणि बँक ऑफ बडोदाही तिथे १९५३ पासून आहेत, मराठी-गुजराती मंडळी बरीचशी तिकडेच जातात, तुम्हालाही जावंसं वाटेल, जा, काही वाईट नाही.

जे तीन बँका बुडाल्या म्हणून सांगतात ते पुढचं सांगत नाहीत. चेस बँक वीस दिवसांत केसीबीच्या देखरेखीखाली परत उघडली, १० लाख शिलिंगपर्यंतचे पैसे लोकांना काढता येऊ लागले, म्हणजे लहान ठेवीदार बहुतेक सगळे सुटले. २०१८ मध्ये मॉरिशसच्या एसबीएम बँकेनं ती घेतली, अडकलेल्या ठेवींपैकी ७५ टक्के तिकडे गेल्या. उरलेले २५ टक्के मोठ्या ठेवीदारांचे अडकले, ते वाईटच, मी झाकत नाही. इम्पीरियलच्या मोठ्या ठेवीदारांचं त्याहून वाईट झालं. पण गावाकडच्या आमच्या बँकेत १२ लाखांतून एक लाख निघत नव्हते हे मी विसरणार नाही.

ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर जेवढे परत मिळतात ते, तेव्हा तिकडे १ लाख शिलिंग होता आणि आपल्याकडे १ लाख रुपये. २०२० मध्ये दोन्हीकडे पाचपट झाला, आपल्याकडे फेब्रुवारीत ५ लाख रुपये, तिकडे जुलैत ५ लाख शिलिंग. म्हणजे नियम सारखेच, बुडण्याची भीती सारखीच, फरक फक्त लोकांच्या डोक्यात. नोटाबंदीचंही तेच. केनियानं २०१९ मध्ये हजाराची जुनी नोट बंद केली, १ जूनला जाहीर केलं आणि ३० सप्टेंबरपर्यंत वेळ दिला. चार महिने. मी तिथे होते, एकही रांग लागलेली पाहिली नाही.

आता जे तिथे खरंच चुकतंय ते. बँका सामान्य माणसाला कर्ज द्यायला तयार नसतात. संसदेनं कायदा करून सप्टेंबर २०१६ पासून कर्जाच्या व्याजावर मर्यादा घातली, सेंट्रल बँकेच्या दरापेक्षा ४ टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही. ऐकायला छान. झालं काय, बँकांनी छोट्या माणसाला कर्ज देणंच थांबवलं आणि पैसे सरकारी ट्रेझरी बिलांत टाकले, तिथे धोका नाही आणि डोकेदुखी नाही. मामांना दुभती गाय घ्यायची होती, पक्की नोकरी असून बँकेत कर्ज मिळालं नाही, शेवटी साक्कोमधून मिळालं. साक्को म्हणजे आपली कर्मचारी पतपेढी, तसेच शेअर्स, तसेच जामीनदार. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो कायदा काढून टाकला पण तोवर लोक फोनवरच्या कर्जात रुतले होते, तीस दिवसांना साडेसात टक्के फी, वर्षाचा हिशोब तुम्हीच करा. हे मला आजही पटत नाही, गरिबाला सगळ्यात महाग पैसा.

आणि थकीत कर्जं खूप आहेत. २०२४-२५ मध्ये शंभरातले सोळा-सतरा शिलिंग थकलेले होते, हा आकडा चांगला नाही. त्याचं एक मोठं कारण म्हणजे सरकारच कंत्राटदारांची बिलं वर्षानुवर्षं देत नाही, मग कंत्राटदार बँकेचे हप्ते कुठून भरणार. म्हणूनच २०२४ च्या शेवटी कायदा आला, बँकांचं किमान मूळ भांडवल १ अब्ज शिलिंगवरून टप्प्याटप्प्यानं २०२९ पर्यंत १० अब्ज करायचं. छोट्या बँकांना हे झेपणार नाही, त्या विकल्या जातील किंवा एकत्र होतील. तेव्हा छोट्या बँकेत, दोन टक्के जास्त देतेय म्हणून, एफडी करू नका. जास्त व्याजाचा मोह इकडे काय करतो ते वर लिहिलंच आहे.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती, ती राहिली. तुमचा खरा धोका बँक नाही, शिलिंग आहे. मी होते तेव्हा एका शिलिंगाचे बहुतेक वेळा ६० ते ७० पैसे यायचे. जानेवारी २०२४ मध्ये डॉलरला १६० शिलिंग झाले तेव्हा ५२ पैशांवर आला होता. मग काही महिन्यांत डॉलर १३० च्या आसपास परत आला. ज्यांनी घाबरून जानेवारीत सगळं भारतात पाठवलं त्यांचे दहा-बारा पैसे शिलिंगामागे गेले. म्हणून थोडे थोडे दर महिन्याला पाठवा, एकदम नाही. जमलं तर डॉलर खातं उघडा, तिथे परकीय चलनावर बंधनं १९९५ पासूनच नाहीत. आणि मी २०२० ला परत आले, तेव्हापासूनचं मला ओळखीच्या लोकांकडून आणि बातम्यांतून कळतं, रोजचा अनुभव नाही, हेही लक्षात घ्या.

मी असते तर पगार मोठ्या बँकेत घेतला असता, तिथे ५ लाख शिलिंगच्या आत ठेवलं असतं, तीन महिन्यांचा खर्च कायम हाताशी, बाकीचं दर महिन्याला स्वतःच्या नावाच्या एनआरई खात्यात (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इकडचं खातं). स्वतःच्या. आईच्या नाही, सासूच्या नाही, भावाच्या नाही. कोणी कितीही जवळचं असलं, बँकेत कितीही वर्षं काढलेली असली, तरी तुमचे पैसे कुठे ठेवायचे ते त्यांना फोनवर ठरवू देऊ नका, आणि बायको ताळेबंद वाचत असेल तर तिचं ऐका.

आमचे ५ लाख २०२१ च्या कायद्यानंतर विम्यातून आले. ७ लाख अजून अडकलेत. भाऊजी चांगला माणूस आहे, त्यांचे स्वतःचेही त्याच बँकेत गेले, पण दिवाळीला कोणी केनियाचा विषय काढला की अजूनही म्हणतात, "तिकडे असते तर सगळेच गेले असते." ज्या बँकेतून आम्ही एफडी मोडली ती बँक आजही चालू आहे, नफ्यात आहे, मी गेल्याच महिन्यात तिचे आकडे बघितले आणि त्यांना पाठवले. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

जाताना, पोचल्या पोचल्या सिम घ्या, पासपोर्ट दाखवून एम-पेसा सुरू करा, आणि वर्क परमिट हातात आलं की लगेच केआरए पिन, म्हणजे तिथला टॅक्स नंबर, काढा, पिनशिवाय बँक खातं उघडत नाही.